वारणेच्या उगमाकडे : चांदोली राष्ट्रीय उद्यानाची सहल



आपल्या भागातला माणूस घराबाहेर पडला की त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. देवदर्शनाला जोतिबा, नरसोबाची वाडी नाहीतर पंढरपूर. हवापालटाला महाबळेश्वर. पोरांनी हट्टच धरला तर गोव्याचा समुद्र. यात गैर काही नाही. पण ज्या डोंगरातून आपल्या सरीत पाणी येतं तो डोंगर पाहिलेले सभासद मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे. ती निघते कुठून, असं गटाच्या मेळाव्यात आम्ही विचारलं, तेव्हा तीन-चार ठिकाणांहून एकच उत्तर आलं, "धरणातनं!"

उत्तर हसण्यासारखं असलं तरी त्यात दोष कुणाचा नाही. पाटात पाणी आलं की पाळी धरायची, नाही आलं की गट कार्यालयात येऊन विचारायचं, एवढाच आपला नदीशी संबंध उरला आहे. म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर, ऊसतोडणी टोळ्या यायच्या आणि गव्हाणीत मोळी पडायच्या आत, ऊस विकास विभागातर्फे चांदोली राष्ट्रीय उद्यानाची सहल काढायचं आम्ही ठरवलं. विभागाचे आम्ही तिघे आणि निरनिराळ्या गटांतले चौतीस सभासद. त्यांत अकरा भगिनी होत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. पहाटे साडेचारला दोन गाड्या निघाल्या. पाहिलं काय, शिकलो काय आणि तुम्ही जाणार असाल तर काय ध्यानात ठेवायचं, ते या लेखात देत आहोत.

उद्यान कुठं आणि केवढं

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या शिवा जिथं एकमेकींना भिडतात, तिथं सह्याद्रीच्या माथ्यावर हे उद्यान पसरलं आहे. १९८५ साली या भागाला अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आलं आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर ७८ हजार एकरांच्या वर. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५९० मीटरपासून १,०४० मीटरच्या पुढं जाते.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक काय, असं गाडीत एका ताईंनी विचारलं. अभयारण्यात काही अटींवर चराई किंवा लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही, खाजगी जमीन नाही, लाकूडतोड नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंच तसं बांधून दिलं आहे. पुढं २०१० साली चांदोली आणि उत्तरेकडचं कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या यादीत कास पठार, कोयना आणि राधानगरीच्या बरोबरीनं चांदोलीचंही नाव आहे. म्हणजे जगानं दखल घेतलेली गोष्ट आपल्या उशाशी आहे.

वाटेवरच माती बदलते

पेठ नाक्यावरून शिराळा, तिथून कोकरूड, चरण, आरळा आणि मणदूर असा रस्ता. शिराळ्याच्या नागपंचमीला आपल्यातले बरेच जण गेलेले असतात. त्याच्या पुढं मात्र पुष्कळांचा हा पहिलाच प्रवास होता. आम्ही सगळ्यांना एकच काम सांगितलं होतं : खिडकीतून माती बघत चला.

सुरुवातीला आपली ओळखीची काळी जमीन आणि दोन्ही बाजूंना ऊस. कोकरूड मागं पडल्यावर काळी फिकी होत गेली आणि तांबूसपणा वाढला. उसाचे फड तुटक झाले, भाताची खाचरं सुरू झाली. आरळ्याच्या पुढं तर भात, नाचणी आणि डोंगरउताराचं गवत. शेताचे तुकडे लहान, बांध दगडाचे, घरांना उतरती कौलं. एक आबा म्हणाले, "सायेब, दोन तासांत मुलूखच बदलला की हो!" बदलला खरा, आणि तो पावसानं बदलला. आपल्या गटात वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस झाला तर ओल्या दुष्काळाची ओरड होते. वर माथ्यावरचं पाथरपुंज हे ठिकाण बघा : २०१९ च्या पावसाळ्यात तिथं ७ हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस नोंदला गेला. आपण पाऊस बोटांनी मोजतो, तिथं तो पुरुषांनी मोजावा लागेल.

हे पाणी अडवतं ते वारणा धरण. त्याच्या जलाशयाला वसंतसागर म्हणतात. वसंतदादांचं नाव आहे ते. सहकारी साखर कारखानदारी ज्यांनी या भागात रुजवली त्यांच्या नावाचा जलाशय आपल्या उसाला पाणी देतो, हा योग आहे. साठा ३४.४० टीएमसी. पायथ्याला १६ मेगावॅटचं वीजघर आहे. ऊन वर येत होतं तेव्हा आम्ही जलाशय पाहिला. पलीकडं डोंगराच्या रांगांमागं रांगा आणि त्या सगळ्यांवर गर्द झाडी. इतकं मोठं पाणी शांत पडलेलं पाहून मंडळी थोडा वेळ बोललीच नाहीत. मग एका तरुण सभासदानं मोबाईल काढला आणि सगळ्यांनी फोटो काढून घेतले.

जंगलात पाय टाकल्यावर

मणदूरला वन खात्याच्या नाक्यावर नावनोंदणी झाली, ठरलेली रक्कम भरली, पिशव्या तपासल्या गेल्या. सोबत एक स्थानिक वाटाड्या मिळाला. चाळिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्यांदाच बजावलं, "मी सांगीन तिथंच उतरायचं, मी सांगीन तेवढंच चालायचं. गाणी न्हाईत, शिट्या न्हाईत." मंडळींनी ते पाळलं, हे सांगायला आनंद वाटतो.

जनीचा आंबा या ठिकाणावरून पुढं गेल्यावर झाडी दाट होत गेली. अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, आवळा. जांभूळ आणि आवळा आपण बांधावर एखाद-दुसरा पाहतो, इथं ते जंगलातले रहिवासी आहेत. खाली कारवीचं रान. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून गेली की मरते. डोंगरातल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या तिच्या काठ्यांचे कूड विणून घरं उभी केली.

एका वळणावर वाटेची कड ढासळली होती आणि मातीचे थर उघडे पडले होते. शेतकी खात्याच्या माणसाला तिथं थांबल्याशिवाय राहवेल कसं? वरती या वर्षीचा पाला, त्याखाली गेल्या वर्षीचा अर्धा कुजलेला, त्याखाली काळसर, भुसभुशीत, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी धरलेला थर, आणि मग तांबडी माती. पाऊस जाऊन दिवस झाले होते, तरी खालचा थर बोटाला गार लागत होता. मुळं त्याच थरात जाळ्यासारखी पसरलेली. वरून कोसळणारा पाऊस आधी पानांवर आदळतो, मग पाल्यावर पडतो, मग मुळांच्या वाटेनं खाली मुरतो. माती जागेवर राहते आणि ओढे पावसानंतर कितीतरी दिवस वाहत राहतात. आम्ही चाललो त्या वाटेवरचे दोन ओढे अजून खळखळ वाहत होते.

तेवढ्यात एका दादांनी विचारलं, "सायेब, ह्या जंगलाला खत कोन घालतंय?"

उत्तर त्यांच्या पायाखालीच होतं. जंगल आपलं पाचट जाळत नाही. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यातून जमिनीला ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब मिळतो. हे आकडे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो, आणि तोडणी झाली की संध्याकाळी शिवारात धूर दिसतो. त्या वळणावर आम्ही आकडे सांगितले नाहीत. आबांनी स्वतःच मूठभर माती उचलली, नाकाजवळ नेली, परत जागेवर ठेवली आणि म्हणाले, "खोडव्याला हे असं व्हायला किती वर्सं लागतील?" तीन-चार वर्षं पाचट सरीत ठेवलं तर फरक हाताला कळतो, एवढं आम्ही सांगितलं.

झोळंबीचा सडा

झाडी संपते आणि एकदम उघडं आभाळ येतं. पायाखाली काळपट-तांबडा जांभा खडक, मैलभर पसरलेला. यालाच सडा म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर अशी पठारं पुष्कळ आहेत. वरवर पाहिलं तर पड जमीन, नांगर टेकणार नाही अशी. पण पावसाळ्यात या खडकाच्या खळग्यांत पाणी साठतं, बोटभर मातीत बारीक बारीक फुलांचे गालिचे उगवतात. मातीत नत्र नाही म्हणून काही झाडं किडे पकडून आपली गरज भागवतात. दवबिंदू नावाची एक चिमुकली वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकवते. नत्राची कमतरता असली की काय काय करावं लागतं, यावर मंडळींत बराच विनोद झाला. "आमचं बी तेच चाललंय की, युरियाच्या दुकानाफुडं!" असं एकानं म्हटल्यावर वाटाड्यासुद्धा हसला.

सड्यावरून खाली बघितलं की वारणेचं खोरं हातावर ठेवल्यासारखं दिसतं. प्रचितगडाच्या आसपास, सह्याद्रीच्या अगदी पश्चिम कडेवर नदीचा जन्म होतो. कडा ओलांडला की कोकण, तिकडं पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो. कड्याच्या अलीकडं पडलेला थेंब मात्र आपल्याकडं निघतो : वारणा, मग कृष्णा, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. समुद्र जवळ असताना उलट्या दिशेनं एवढा लांबचा प्रवास. त्या प्रवासातला एक मुक्काम आपल्या सरीत आहे.

जिथं गाव होतं

सड्यावरून परत येताना एका ठिकाणी झाडी वेगळी वाटली. आंबा, फणस, मध्येच चाफा. जंगलात फणस ओळीत कसे, म्हणून आम्ही बघत होतो, तोच दगडाची जोती दिसली. एक, दोन, मग बरीच. एका जोत्यापाशी फुटकं जातं पडलं होतं. शेतांच्या ताली तशाच होत्या, त्यांत आता पुरुषभर गवत.

वाटाड्या थांबला. "इथनं फुडं माझं गाव व्हतं," तो म्हणाला.

चांदोलीच्या जंगलात बत्तीस गावं होती. झोळंबी, गोठणे, निवळे, चांदेल अशी त्यांची नावं. काहींच्या जमिनी धरणाच्या पाण्यात गेल्या, बाकीची गावं जंगल राखण्यासाठी उठवली गेली. माणसं सांगली, कोल्हापूरकडच्या सपाटीवर वसाहतींत आली. भात आणि नाचणी करणारा, डोंगरात गुरं चारणारा माणूस एकदम बागायतीच्या मुलखात येऊन पडला. सगळ्यांना जमीन वेळेवर मिळाली असं नाही, मिळाली तिथं पाणी मिळालंच असंही नाही. त्यासाठी या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठिय्ये दिले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे.

आता एक प्रसंग जसा घडला तसा सांगतो. आमच्याबरोबरच्या एका सभासदाचा अर्धा एकर ऊस गेल्या वर्षी गव्यांनी तुडवला होता. सकाळपासून त्यांच्या मनात ती सल होती. ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "गवं राखायला येवढं जंगल. त्ये आमच्या उसात येत्यात आन् आमी गप बसायचं. ह्ये जंगल नक्की कुनासाठी राखलंय?"

वाटाड्यानं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "अण्णा, तुमचा अर्धा एकर गेला, वाईटच झालं. आमचं गाव उठलं तवा मी सातवीत व्हतो. आज्जा जाताना तुळशीची माती फडक्यात बांधून घिऊन गेला. जंगल कुनासाठी राखलं ते मला बी कळत नव्हतं. आता इथं नोकरी करतो, उन्हाळ्यात वड्याला पानी बघतो. ते पानी खाली तुमच्याकडंच येतंय. आमी उठलो ते फुकट जाऊ नये, येवढंच वाटतं."

अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या पिशवीतली भाकरी काढून त्याच्यापुढं धरली, आणि दोघं एका जोत्यावर बसून जेवले. आम्ही सगळेच तिथं जेवलो. भगिनींनी जात्याभोवतीचं गवत बाजूला केलं आणि हळदकुंकू वाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सभासद बंधूंनो, यात आमच्यासाठी आणि तुमच्यासाठी विचार करण्यासारखं आहे. या विस्थापितांच्या वसाहती आपल्या कार्यक्षेत्रातही आहेत. त्यांतले काही जण आपले सभासद आहेत, काही अजून व्हायचे आहेत. त्यांना आपण अजून 'धरणग्रस्त' म्हणूनच हाक मारतो. पाण्याच्या पाळीत त्यांचा नंबर शेवटी लागतो, नोंदीच्या वेळी त्यांचा फड 'लांबचा' म्हणून राहून जातो, असं आमच्या कानावर येतं. ज्यांनी घर सोडलं म्हणून आपल्याला पाणी मिळालं, त्यांचाच ऊस पाण्यावाचून वाळावा हे बरं नव्हे. यंदा आमच्या विभागानं ठरवलं आहे की वसाहतींच्या उसाची नोंद चिटबॉयनं जागेवर जाऊन, लागणीच्या तारखेनुसारच करायची. तुमच्याकडून मागणं एवढंच की पाणी वाटपाच्या बैठकीला त्यांना बोलवा आणि बोलू द्या.

जनावरं दिसली का?

हा प्रश्न घरी गेल्यावर सगळ्यांना विचारला गेला असणार. वाघ दिसला नाही. तो एका दिवसाच्या सहलीत दिसावा अशी अपेक्षाही धरू नये. इथं वाघ फार थोडे. २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा ती बातमी झाली. २०२५ साली ताडोबाच्या जंगलातून वाघीण आणून इथं सोडण्यात आली, ती या जंगलात वाघांची वस्ती वाढावी म्हणून.

आम्हाला दिसलं ते असं : जलाशयाच्या काठी लांबवर गव्यांचा कळप, झाडाच्या शेंड्यावर आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, एक भेकर क्षणभर, आणि वाटेवर अस्वलानं उकरलेलं वारूळ. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण इथं आहे, रानकुत्री आहेत, धनेश पक्षी आहे, बिबट्या तर आहेच. बिबट्याचं आपल्याला नवल नाही. आपल्या फडांत तो वर्षभर राहतो, पिलंही तिथंच घालतो, कारण उसासारखा आडोसा त्याला मिळत नाही.

गवा आणि रानडुक्कर यांचा त्रास खरा आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण कुंपणात वीज सोडणं हा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला जनावराआधी रात्री पाणी पाजायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. पिकाचं नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी जवळच्या वन कार्यालयात ताबडतोब अर्ज द्या. भरपाई शासनाच्या नियमात आहे. फोटो काढून ठेवा, सातबारा जोडा. अर्ज लिहायला अडचण वाटली तर गट कार्यालयात या, आमचे कर्मचारी लिहून देतील. तोडणीच्या वेळी बिबट्याची पिलं सापडली तर हात लावू नका, टोळी बाजूला घ्या आणि वन खात्याला कळवा.

तरुणांसाठी प्रचितगड

ज्यांच्या पायांत दम आहे त्यांच्यासाठी प्रचितगड आहे. गड उद्यानाच्या पश्चिम कडेवर आहे आणि त्याची सरळ चढण कोकणातून, संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूर गावातून आहे. शृंगारपूर सुर्व्यांकडं होतं. शिवाजी महाराजांनी १६६१ साली ते स्वराज्यात आणलं. महाराणी येसूबाईंचं, म्हणजे शिर्क्यांच्या लेकीचं, हे माहेर. गडाची वाट दमवणारी आहे, शेवटी लोखंडी शिडी चढावी लागते. पावसाळ्यात आणि एकट्यानं हा नाद करू नये. गावातला माहीतगार बरोबर घ्यावा, आणि गड उद्यानाच्या हद्दीत असल्यानं वन खात्याची परवानगी आधी काढावी.

जाणाऱ्यांसाठी सूचना

१) पावसाळ्यात उद्यान बंद असतं. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जाता येतं. ओढे आणि हिरवळ बघायची तर दिवाळीच्या आसपास जा. जनावरं बघायची तर उन्हाळ्यात, कारण तेव्हा ती पाण्यावर येतात.

२) सकाळी लवकर नाक्यावर पोहोचा. निघण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या. ओळखपत्र जवळ ठेवा.

३) पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे कपडे, बंद बूट किंवा मजबूत चपला. लाल, पिवळे भडक कपडे नकोत. अत्तर नको.

४) पाणी आणि भाकरी घरूनच न्या. प्लास्टिकची पिशवी, गुटख्याची पुडी आत टाकू नका. खाल्लेल्याचा कागदसुद्धा परत आणा.

५) काडेपेटी, बिडी गाडीत ठेवा. नोव्हेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळतं, एका थोटकानं डोंगर पेटतो.

६) फुलं, मुळ्या, बी काही उपटून आणू नका. "एक फांदी आणली तर काय होतं" असं म्हणणारे वर्षाला हजारो असतात.

७) गुडघे दुखणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या माणसांनी सड्यापर्यंतच जावं. आपली औषधं बरोबर ठेवावीत. आतल्या भागात फोन लागत नाही.

८) दारू पिऊन आलेल्याला गाडीत घेणार नाही. हा आमच्या सहलीचा नियम आहे.

पाण्याचा हिशेब

परतीच्या वाटेवर गाडीत हिशेब निघाला. आडसाली उसाला पाटानं पाणी दिलं तर लागणीपासून तोडणीपर्यंत सुमारे ३५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागतं. म्हणजे हेक्टरी साडेतीन कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. भागाकार केला तर, पाऊस बाजूला ठेवून, एक टीएमसी पाण्यावर सुमारे ८०० हेक्टर आडसाली ऊस निघतो. तोच ऊस ठिबकवर घेऊन ४० टक्के पाणी वाचलं, तर त्याच एक टीएमसीवर १,३०० हेक्टरांच्या पुढं ऊस निघेल. वाढलेले ते ५०० हेक्टर कुणाचे? शेपटाच्या शेतकऱ्यांचे, वसाहतींचे, ज्यांची पाळी कधी येतच नाही त्यांचे.

धरण आता आणखी मोठं होणार नाही. वर जंगल आहे तोवर पाणी मुरेल, माती जागेवर राहील आणि जलाशयात गाळ कमी येईल. खाली आपण रात्रभर मोटर चालू ठेवून सरी तुडुंब भरत राहिलो तर जंगलानं राखलेलं पाणी आपल्याच जमिनी खारवट करील. तशा फुटलेल्या जमिनी आपल्या शिवारात थोड्या नाहीत. परतताना गाडीत नऊ सभासदांनी यंदाच्या खोडव्यात पाचट न जाळण्याची आणि चौघांनी ठिबकची नावं दिली. आकडा लहान आहे. आम्ही तो वहीत नोंदला आहे आणि पुढच्या वर्षी फडात जाऊन तपासणार आहोत.

गळीत हंगाम चालू असताना दुसरी सहल काढणं आम्हाला जमणार नाही. कारखाना बंद झाला की उन्हाळ्यात पुढची तुकडी निघेल. इच्छुकांनी आपली नावं गट कार्यालयात द्यावीत. या खेपेस पहिल्या दहा जागा चांदोलीतून उठून आलेल्या वसाहतींतल्या सभासदांसाठी, त्यातही वडीलधाऱ्यांसाठी, राखून ठेवल्या आहेत. आपलं गाव कुठं होतं, देऊळ कुठं होतं, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी राहायचं, हे त्यांनी आम्हाला दाखवावं अशी विनंती आहे. त्यांच्या शेजारच्या गटातल्या सभासदांनी त्यांच्याबरोबर यावं.